घण थांबला, काम थांबलं नाही

गोदामाच्या कर्जासाठी बँकेनं 'सॉईल टेस्टिंग'चा रिपोर्ट मागितला तेव्हा बाबा म्हणाले, "मागच्याच वर्षी केलं ना माती परीक्षण? कार्ड कपाटात आहे." त्या कार्डावर नत्र, स्फुरद, पालाश. कपाशीला ते पुरतं, कॉलमला नाही. बँकेला हवं होतं ते जमीन गोदामाचं वजन पेलेल का, हे.

आमचं शेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात, गडचांदूरजवळ. वर काळी माती, खाली चुनखडक. इथले सिमेंट कारखाने त्याच दगडावर चालतात. त्यामुळे "खाली पक्का दगड आहे, टेस्टिंग कायले करता भाऊ?" हे मला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ऐकवलं. खरं तर मलाही तसंच वाटत होतं, म्हणून सगळ्यात कमी रेटवाल्याला काम दिलं. ते पुढे नडलं.

तीन बोअर ठरले, म्हणजे जमीन तपासायला पाडायची तीन भोकं. लोखंडी तिपाई उभी राहिली, फिरत्या ड्रमला दोर गुंडाळला, दोराला साडेत्रेसष्ट किलोचा घण. तो ७५ सेंमीवरून पडतो आणि खालची दोन इंची नळी मातीत शिरते. १५-१५ सेंमीचे तीन टप्पे. पहिल्याचे ठोके लिहायचे पण धरायचे नाहीत, कारण बोअरच्या तळाची माती ढवळलेली असते. पुढच्या दोन टप्प्यांच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे 'एन'. एन जितका जास्त, तितकी माती घट्ट.

मे महिना, भर दुपार. आमचे स्ट्रक्चरल इंजिनीअर आले ते टेप हातात घेऊनच. घण जेमतेम ६० सेंमी उचलला जात होता! दोर ओढणारा पोरगा उन्हानं थकला होता, त्याला काय बोलणार? पण उंची कमी पडली की ठोके जास्त लागतात आणि कागदावर माती असते त्याहून घट्ट दिसते. साहेबांनी पोराला पाणी पाजलं, रॉडवर खडूची खूण केली आणि तो बोअर शेजारी नव्यानं घ्यायला लावला.

२.१ मीटरवर ५० ठोके पडले आणि नळी ४ सेंमीच गेली. "रिफ्युजल, आता नळी पुढे जात नाही. झालं," म्हणत एजन्सीवाला सामान आवरायला लागला. साहेब म्हणाले, "चुनखडीत काम इथून सुरू होतं." पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि भेगांमधून उतरत हा दगड विरघळवतं. वर कवच टणक, आत पोकळी, असंही असू शकतं. घणाला फक्त कवच कळतं. म्हणून खडकात आणखी तीन मीटर हिऱ्याच्या बिटनं कोअर, म्हणजे दगडाचा गोल दांड्यासारखा नमुना, काढायचा. माझ्या कोटेशनमध्ये कोअरिंग नव्हतंच. दोन दिवस घासाघीस, मग मशीन आलं.

दुसरा बोअर पहिल्यापासून जेमतेम आठ मीटर अंतरावर, पण खडक लागला ४.६ मीटर खोलीवर. गंमत म्हणजे खाली जावं तशी माती घट्ट होईल असं मी धरून चाललो होतो. इथे एन ९, मग ७, आणि खडकाच्या अगदी वर ४. दगडाच्या माथ्याशी पाणी साचून चिकणमाती लोण्यासारखी झाली होती. बाबांना नवल वाटलं नाही. विहीर खणताना एका अंगाला सुरुंग लावावा लागला होता आणि दुसऱ्या अंगाला फावड्यानं भागलं होतं.

तिसऱ्यात खडक अडीच मीटरवर. कोअरिंग सव्वा मीटर झालं आणि बिटसाठी आत सोडलेलं, परत वर येणारं पाणी एकाएकी बंद पडलं. रॉड न फिरता हातभर खाली सरकला. मशीनवाला ओरडला, "गेला!" पुन्हा दगड लागला तो ४० सेंमी खाली. बाहेर काढलेल्या बॅरलला, म्हणजे कोअरच्या नळीला, लाल, चिकट माती लागलेली.

त्या कोपऱ्यात आणखी दोन बोअर घेतले. पोकळी लहान निघाली, एकाच कॉलमखाली. ब्रेकरनं वरचं कवच फोडलं, माती उपसली, खालच्या दगडापर्यंत काँक्रीट भरलं आणि त्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, बसवलं. खर्च वाढला, पाऊस तोंडावर आला, पण प्लिंथ, म्हणजे जोतं, वेळेत झाली.

बँकेतल्या माणसानं रिपोर्टचं फक्त शेवटचं पान पाहिलं. कोअरची पेटी मात्र गोदामात ठेवलीय. तिच्यात मनगटाएवढे करडे दगड ओळीनं लावलेत आणि दगड जिथे मिळालाच नाही तिथे लाकडी ठोकळा, त्यावर मार्करनं '४० सेंमी'. कोणी आलं की बाबा आधी तो ठोकळा दाखवतात.