कढीपत्त्यावरची ‘कीड’

“अगं, कढीपत्त्याला कीड लागलीये. औषध मार लगेच!” शेजारच्या काकू कुंडीत डोकावत म्हणाल्या.

कोवळ्या पानावर काळपट-पांढरी, ओलसर चकाकणारी अळी. थेट पक्ष्याची विष्ठाच वाटावी अशी! हाच तिचा बचाव, पक्षी सहसा फिरकत नाहीत. शेजारच्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं, गोल अंडं. त्यातून बाहेर पडली की ती बहुधा आधी टरफल खाते, मग पान. कात टाकत वाढते आणि शेवटी हिरवीगार होते.

एक तशी हिरवी अळी खालच्या फांदीवर होतीच. काकूंनी काडीने जरा डिवचलं, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली, उग्र वासासकट. काकू दचकून मागे सरल्या, मग वाकून पाहतच राहिल्या.

लाइम, कॉमन मॉर्मन ही स्वॅलोटेल कुळातली फुलपाखरं कढीपत्त्यावर, लिंबावर अशीच वाढतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतही याच कुळातलं. २०१५ साली त्याला तो मान मिळाला, तेव्हा किती कौतुक झालं! त्याच्याही अळ्यांना लिंबूवर्गीय झाडंच लागतात. अळीच्या वाट्याला मात्र फवारा.

चार पानं गेली तर फोडणीचं असं कितीसं अडतं?