किलिमांजारो: परतीचा निर्णय कुठे घ्यावा?

टांझानियातील किलिमांजारोसाठी (५,८९५ मीटर) आम्ही लेमोशो मार्ग निवडला, कारण या मार्गाला सात-आठ दिवस लागत असल्याने शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळतो. मारांगू मार्गाचा पाच दिवसांचा कार्यक्रम स्वस्त पडतो खरा, पण ती काटकसर मला पटत नाही.

शांतपणे विचार करण्याची जागा म्हणजे वाटेतला लाव्हा टॉवर हा उंच खडक. सुमारे ४,६०० मीटरवर दुपारचे जेवण आटोपून त्याच दिवशी बारांकोच्या तळावर, जवळजवळ ३,९०० मीटरपर्यंत, उतरायचे असते. वर डोके दुखणे किंवा अन्नावरची वासना उडणे साहजिक आहे. ते खाली आल्यावर रात्रीतून ओसरते की नाही, हे पाहूनच पुढे जायचे, असे आम्ही मार्गदर्शकाशी बोलून ठेवले. परतीच्या अटीही त्याच संध्याकाळी ठरल्या: बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालता आले नाही, तर ज्याला असे होईल त्याने वाद न घालता खाली जायचे आणि अंतिम शब्द मार्गदर्शकाचा मानायचा.

शिखराआधीच्या शेवटच्या, बाराफू तळावरून मध्यरात्री निघाल्यावर या अटींची किंमत कळते. गोठवणारी थंडी, झोपेचा अभाव आणि शिखराजवळ समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू, अशा स्थितीत माणूस हट्टालाच निर्धार समजू लागतो. आमचा एक सोबती ज्वालामुखीच्या कड्यावरील स्टेला पॉइंटच्या (५,७५६ मीटर) अलीकडे झोकांड्या खाऊ लागला, तरी ‘अजून अर्धाच तास’ हे पालुपद सोडेना. अट आधीच मान्य केलेली असल्याने सहायक मार्गदर्शक त्याला घेऊन वळला, आणि तळ गाठेपर्यंत त्याची चाल सुधारली होती.

बाराफूच्या आधीच्या करांगा तळानंतर वाटेत पाणी नाही. भारवाहक ते तेथून बाराफूपर्यंत वाहून नेतात, म्हणून ते जपून वापरावे. शिखराच्या रात्री पाठीवरच्या पाणपिशवीच्या नळीतील पाणी गोठते, त्यामुळे रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवावी. अॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यायचे असल्यास, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास, डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरावे.

उतरण उद्यानाच्या म्वेका दारापर्यंत, म्हणजे साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीपर्यंत, असते. शिखरापासून चार हजारांहून अधिक मीटर दीड दिवसात उतरायचे असल्याने काठ्या दोन घ्याव्यात आणि पायांची नखे आदल्या आठवड्यातच कापावीत.