स्लॅबवरच्या थरांचा क्रम

सध्या आमच्याकडे तीन घरांची कामं चालू आहेत: दोन छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, एक कोकणात कुडाळला. घरमालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एसी किती टनाचा लागेल? उत्तर देण्याआधी आम्ही गच्चीचं ड्रॉइंग पुढे ठेवतो.

मराठवाड्यातल्या एकमजली घरात उन्हाळ्याची सगळ्यात जास्त उष्णता स्लॅबमधून येते. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास भर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरकं पडतं, गच्चीवर सरळ. दिवसभर तापलेलं पाच इंची काँक्रीट रात्रभर ती धग खोलीत सोडत राहतं. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताची यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) जास्तीत जास्त १.२ सांगितली आहे. नुसत्या स्लॅबवर चार इंच कोबा टाकला तरी ती दोनच्या खाली येत नाही. ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी कडक फोमची शीट) घातली की ०.६ च्या आत येते. पैसे मोजके असतील तर ते आधी इथे घाला, फॉल्स सीलिंग मग बघू.

क्रम मात्र चुकता कामा नये. सोलरचे आणि टाकीचे पेडेस्टल, म्हणजे ते बसवायचे काँक्रीटचे ओटे, आधी ओतून घ्यायचे, पाइप पार न्यायच्या नळ्या, म्हणजे स्लीव्हही आधी. मग कोब्यात १:१०० उतार, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात वाटा, म्हणजे मालाची गोलाई, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि ते पॅरापेटवर फूटभर चढवायचं. मग ७२ तास पाणी कोंडून ठेवायचं आणि खालून छत रोज बघायचं. ओल नसेल तरच एक्सपीएस. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग जाळी घालून ५० मिमी काँक्रीट, ३ बाय ३ मीटरच्या चौकोनांत, सांध्यात सीलंट. सगळ्यात वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. तो धुळीने मळला की ऊन परतवत नाही, म्हणून फेब्रुवारी संपता संपता एकदा घासून धुवायचा.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे एक्सपीएसच्या नावाखाली साधा थर्माकोल येतो. शीटचा कोपरा मोडून बघा. पांढरे दाणे सुटे होऊन बोटांना चिकटले तर गाडी परत पाठवा. थर्माकोल दाण्यांच्या फटींतून पाणी धरतो, आणि ओला झालेला थर उष्णता अडवत नाही. खरी एक्सपीएस शीट आतून सलग आणि गुळगुळीत असते. दुसरं, शीट अंथरून ठेवल्या आणि वळवाचा पाऊस आला तर त्या तरंगतात, सांधे उघडतात. म्हणून सकाळी अंथरायच्या आणि त्याच दिवशी वर काँक्रीट टाकायचं. घमेली घेऊन जाणाऱ्यांसाठी फळ्या टाकायच्या, नाहीतर टाचांचे खड्डे पडतात. तिसरं सगळ्यात महागात पडतं: दोन वर्षांनी सोलरवाला येतो, स्टँडसाठी गच्चीत ड्रिल मारतो आणि सगळं वॉटरप्रूफिंग वाया जातं. पेडेस्टल आधी का, याचं उत्तर हेच. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. जिन्याच्या खोलीची सावली पॅनेलवर पडू नये, एवढं नकाशातच बघून घ्या.

गच्चीनंतर पश्चिमेची भिंत. तिथे आडवा छज्जा फारसा उपयोगाचा नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला दोन फुटी छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो, उरलेली खिडकी उन्हात. म्हणून या बाजूला जिना, बाथरूम, कोठीची खोली. खिडकी हवीच असेल तर उघडझाप होणारी बाहेरची झडप.

त्या भिंतीसाठी रॅट-ट्रॅप बाँड हा विटा रचायचा प्रकार आम्हाला मनापासून आवडतो. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुजवलेली ही पद्धत: विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचायच्या, मधे पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात. पण वीट एकसारख्या मापाची हवी आणि गवंडी सांभाळून काम करणारा हवा, कारण माल पोकळीत पडत गेला की पोकळी भरते आणि फायदाही जातो. आम्ही पोकळीवर फळीची पट्टी ठेवून माल पसरायला लावतो. इलेक्ट्रिकच्या नळ्या भिंत चढतानाच टाकायच्या, नंतर खाचा मारायच्या नाहीत. तशा विटा मिळाल्या नाहीत तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक. तिथे सिमेंटचा जाड माल नको, तीन मिमी ब्लॉक अ‍ॅडेसिव्ह वापरा, आणि कॉलमला जिथे ब्लॉक भिडतो तिथे गिलाव्याआधी फायबरची जाळी लावा. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात उभी चीर पडते.

कुडाळचं घर वेगळं. तिथे त्रास दमटपणाचा, म्हणून सगळा भर वाऱ्यावर. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही मोठी घेतली तरी निम्मीच उघडते. झडपांची जवळजवळ पूर्ण उघडते. जांभ्याच्या भिंतीत समोरासमोर झडपा, वर कौलं, आणि पाखं भिंतीबाहेर तीन फूट, म्हणजे भर पावसातही खिडक्या लावून घ्याव्या लागत नाहीत.