इतिवृत्त नसलेली बैठक

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी रामबागेतील एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही सात-आठ जण कामाचा मनावर येणारा ताण बोलून हलका करायला जमतो. सगळे इंदूरच्या निरनिराळ्या सेवाभावी संस्थांत पगारावर काम करणारे: कोणी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशन करते, कोणी कचरा वेचणाऱ्यांच्या मुलांचे वर्ग घेते, एक जण रुग्णांसोबत एम. वाय. रुग्णालयाच्या खेपा घालतो. पोहे-जलेबी होते, मोबाईल एका स्टीलच्या डब्यात जातात आणि झाकण लागले की बैठक सुरू होते. इतिवृत्त लिहायचे नाही, हा पहिला नियम.

तो मीच आग्रहाने करून घेतला. माझ्या आधीच्या संस्थेत दर पंधरवड्याला ‘मन मोकळे करण्याची’ बैठक होत असे. हेतू चांगलाच होता, परंतु प्रकल्प समन्वयक वही उघडून समोर बसत. एका प्रकरणानंतर मला तीन रात्री झोप लागली नाही आणि त्या वस्तीचे नाव निघाले तरी पोटात गोळा येतो, असे मी तिथे एकदा बोलून गेले. मार्चमध्ये कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी तेच वाक्य ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ या रकान्यात मला वाचायला मिळाले. त्यानंतर मी त्या बैठकीत हवापाण्यावर बोलू लागले, आणि बाकीचे कितीतरी दिवसांपासून तेच करत आले आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

म्हणूनच हा आधार स्वतःच्या संस्थेबाहेर शोधावा, असे माझे मत झाले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीणसुद्धा अनुदान आटले की त्याच एका जागेची उमेदवार असते. त्यातच विदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. वर्गात आलेल्या मुलांची संख्या अहवालात दाखवता येते, कार्यकर्त्याची झोप कोणत्या शीर्षाखाली दाखवायची?

गंमत अशी, की आज कंपन्यांच्या कार्यशाळांत मिरवणारा ‘बर्नआउट’ (कामाने पुरते थकून, आटून जाणे) हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली मांडला, तो मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांविषयी, म्हणजे आमच्याच जातकुळीच्या लोकांविषयी. आमची पद्धत मात्र मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांच्या गटांना जवळची आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये ते डॉक्टरांना एकत्र बसवून एकेका रुग्णाविषयी आणि त्या रुग्णामुळे डॉक्टरच्या मनात काय उमटले याविषयी बोलायला लावत. आमच्याकडेही एकच जण वीस मिनिटे बोलतो. प्रकरणातील व्यक्तीचे नाव आणि वस्ती सांगायची नाही, आणि ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही. हे शेवटचे फार जड जाते. पत्ता विचारणाऱ्याला थेट दारापर्यंत सोडून येणारी आम्ही इंदूरची माणसे.

मागच्या खेपेला एका सहकारी ताईंनी सांगितले, की दोन वर्षे जिच्यासाठी कोर्टाचे उंबरे झिजवले, ती बाई नवऱ्याकडे परत गेली. “आणि मला तिचा राग आला हो,” एवढे बोलून त्या जलेबीचा तुकडा बशीत नुसताच फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने दुसरी म्हणाली, “माझ्याकडची चौथ्यांदा गेली. मी तिला आता विचारतसुद्धा नाही.” तोडगा कोणीच सुचवला नाही, पण ताईंचा आवाज पुन्हा लागला.

हे उपचार नव्हेत, याची आम्हाला जाणीव आहे. एकीची अवस्था बिघडत चालली तेव्हा शेजारी बसून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून दिला आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे तिच्यासोबत गेलो.

अलीकडे एका देणगीदाराने हॉल आणि अल्पोपाहाराचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. अट इतकीच, की हजेरीपट व छायाचित्रे पाठवावीत. खरे सांगायचे तर मी होकाराच्या बाजूने होते, कारण उन्हाळ्यात त्या माडीवर बसवत नाही. मतदानात हरले. पोह्यांचे पैसे पाळीपाळीनेच निघतात आणि या महिन्याची पाळी माझी आहे.