रहस्यकथांचं चॅलेंज: सगळे खाने भरले!

रहस्यकथांच्या प्रत्येक प्रकाराला एक खाना, असं हे वाचनाचं चॅलेंज; त्यात पोलिस तपासाचा एकच खाना उरला होता. तो ‘रोझॅना’ने भरला आणि चॅलेंज पूर्ण झालं. नियम असे: प्रत्येक प्रकारातलं एक पुस्तक, एक लेखक एकदाच, आणि निदान एक जुनं मराठी हवंच. कुठल्याही पुस्तकाचा शेवट फोडत नाहीये, निर्धास्त वाचा.

आधी ‘रोझॅना’च, कारण ती अजून डोक्यातून जात नाही. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याची ही १९६५ ची कादंबरी. योटा कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत वर येतं. अंगावर कपडा नाही, ओळख पटेल असं काही नाही. पोलिस अधिकारी मार्टिन बेक स्टॉकहोमहून येतो आणि मग कितीतरी दिवस काहीही हाती लागत नाही. ती कोण, हे कळायलाच महिने जातात. ज्या बोटीवर ती होती तिचे प्रवासी तोवर देशोदेशी पांगलेले. मग पोलिस काय करतात? त्या प्रवाशांनी सहलीत काढलेले फोटो आणि हौशी चित्रफिती मागवतात आणि ती कुठे दिसते का, तिच्याजवळ कोण आहे, हे न्याहाळत बसतात. पत्रं, फोन, वाट पाहणं, बेकचं बिघडलेलं पोट, घरातला अबोला. एवढ्यावर लेखकांनी असा ताण धरून ठेवलाय की पुस्तक खाली ठेववत नाही. थरारासाठी पाठलागच लागतो असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

याच्या अगदी उलट टोकाला केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (२००५). खून कोणी केला, कसा केला, हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत घडतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी तो लपवायला पुढे सरसावतो, आणि आपल्याला सगळं माहीत आहे अशा भ्रमात आपण पुढे वाचत राहतो. परीक्षेत प्रश्न कसे काढावेत हे तो एके ठिकाणी सांगतो: वरवर भूमितीचा वाटणारा प्रश्न खरं तर बीजगणिताचा असावा. ते वाक्य वाचताना थांबा आणि लक्षात ठेवा, एवढंच सांगते.

या दोन पुस्तकांनी माझं एक मत पक्कं केलं. रहस्यकथेचा प्रकार गुन्ह्यावरून ठरत नाही. वाचकाला काय सांगायचं आणि कधी, यावरून ठरतो. विल्की कॉलिन्सने हे १८६८ मध्येच ओळखलं होतं. ‘द मूनस्टोन’मध्ये १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा इंग्लंडमध्ये चोरीला जातो आणि हकिगत वेगवेगळी माणसं सांगतात; प्रत्येकाला आपल्यापुरतंच माहीत. दाराच्या ओल्या रंगावर उमटलेला एक फराटा स्थानिक अधिकारी किरकोळ म्हणून सोडून देतो. सार्जंट कफ मात्र रंग कधी वाळला असेल याचा हिशेब मांडतो आणि तपासाला दिशा मिळते. थोडं पाल्हाळ आहे, पण सोसण्याजोगं.

बंद खोलीसाठी, म्हणजे आतून बंद जागेत खून आणि खुनी गायब अशा कोड्यासाठी, सेइशी योकोमिझोची ‘द होनजिन मर्डर्स’ घेतली. सरकत्या कागदी दारांच्या जपानी घरात बंद खोलीचं कोडं रचायचं म्हणजे मोठंच धाडस! बर्फात रोवलेली तलवार आणि रात्री ऐकू येणारे कोतो वाद्याचे सूर, वातावरण जबरदस्त. उकल मला जरा ओढूनताणून वाटली. हार्ड-बॉइल्डच्या, म्हणजे रांगड्या, हिंसक डिटेक्टिव्हकथेच्या खान्यात डॅशिएल हॅमेटची ‘रेड हार्व्हेस्ट’ (१९२९). हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत डिटेक्टिव्ह होता, ते पानोपानी जाणवतं. प्रेतं मात्र फार.

ऐतिहासिकमध्ये सुजाता मॅसींची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’, १९२१ ची मुंबई. पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांशी पुरुष वकील समोरासमोर बोलू शकत नाही. वकील असलेली परवीन मिस्त्री बोलू शकते. सगळं कथानक या एका अडचणीवर उभं आहे, म्हणून मला ते मनापासून आवडलं. परवीनमागची एक प्रेरणा म्हणजे भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी, ज्यांचा जन्म नाशिकचा.

मराठीचा खाना बाबूराव अर्नाळकरांचा, यात दुमत नव्हतंच. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिणारा हा माणूस वाचकाला पहिल्याच पानावर मनगटाला धरून ओढतो. त्यांचा नायक झुंजार याच्या एका कथेची जुनी, पिवळी पडलेली प्रत वाचनालयात मिळाली; प्रकरण संपतं तिथे पान उलटल्याशिवाय गत्यंतर नाही. कोर्टकथेसाठी सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. त्याच्यावर वेगळी नोंद लिहीन, इथे उरकणं अन्यायाचं होईल.

आता मार्टिन बेकची दहाही पुस्तकं क्रमाने वाचायची आहेत. दुसऱ्यात तो बुडापेस्टला जातो, तेच उघडलंय. सोबत वाचायला कोणी येणार असेल तर सांगा, पहिल्या दहा प्रकरणांवर पुढच्या महिन्यात बोलू.