टिकलीच्या पोटात पिल्लं नव्हती

मे महिन्यात आमची कुत्री टिकली पाण्याची पातेली रिकामी करायला लागली तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. वळवाआधीचा उकाडा, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मीही तांब्याभर पाणी संपवत होते. मग तिचं पोट सुटलं. सासूबाईंनी लगेच जाहीर केलं, "अगं, राहिलीया बघ ती!" दुधात चपाती कुस्करून घालायला सुरुवात झाली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तीन घरांनी पिल्लू सांगून ठेवलं.

चार दिवसांनी तिनं दूध-चपाती नुसती हुंगली. रात्री दोनदा ओकली. सकाळी जिना उतरेना.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "माजावर कधी आली होती?" मी गप्प. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची तारीख मी वही न बघता सांगते, पण सात वर्षं घरात असलेल्या कुत्रीची नाही सांगता आली. सासूबाईंना फोन लावला. "पाडव्याला. गुढी उभारताना दारात चार गडी बसलं हुतं. मीच काठी घिऊन हाकललं की!"

म्हणजे सात आठवडे. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पिल्लू एकही नाही, गर्भाशय पुवानं भरलेलं. पायोमेट्रा.

आपण त्याला कुत्रीची 'पाळी' म्हणतो आणि तिथंच फसतो. तिला आधी रक्त जातं, आणि ते फिकं पडायला लागलं की गाभण राहायचे दिवस येतात. (रक्त थांबलं म्हणून आम्ही तिला मोकळी सोडायचो. धन्य!) माज ओसरल्यावर पिल्लं राहोत न राहोत, पुढचे दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं असतं आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. अस्तर म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. दर सहा-आठ महिन्यांनी हेच, तेही म्हातारपणापर्यंत, कारण बायकांसारखं कुत्रीचं थांबत नाही. त्या अस्तरात जंतू शिरले की पू धरतो. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर तो बाहेर गळतो, निदान दिसतो तरी. टिकलीचं मिटलेलं होतं, म्हणून पोट वाढत गेलं. आणि ती तहान उन्हाची नव्हती, जंतूंच्या विषानं मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. ट्रेमधलं गर्भाशय मला दाखवलं, माझ्या मनगटाएवढं जाड.

"एकदा तरी आई होऊ दे की तिला," हे आमच्या घरात सात वर्षं चाललं. सासूबाईंवर ढकलणं सोपं आहे, पण मलाही दवाखान्याचा व्याप नकोच होता. एका वेताचा तब्येतीला काही फायदा नसतो, डॉक्टर म्हणाले. उलट लहानपणीच ऑपरेशन केलं असतं तर स्तनाच्या गाठींचा धोकाही बराच कमी झाला असता. काही कुत्र्यांना पुढं लघवी गळायचा त्रास होतो, मोठ्या जातींना थोडं थांबवतात, हेही त्यांनी सांगितलं. निरोगी कुत्रीचं हेच ऑपरेशन ठरवून, निवांत होतं. आम्ही मात्र सलाइन लावलेली, थरथरणारी कुत्री टेबलावर ठेवली होती.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन मशीनच्या पायाला सारखा आपटायचा. शेवटी उरलेल्या ब्लाउजपिसाचं चार बाह्यांचं झबलं शिवलं, पाठीवर नाड्या. टाके डॉक्टरांनी सुबक घातले होते, एवढं मी धंद्यातली म्हणून सांगते. दोन आठवड्यांनी ते निघाले.

परवा शेजारच्यांनी रंकाळ्यावरून पिल्लू आणलं, मादी. सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "किती म्हैन्याची हाय?"

"चार."

"मग आत्ताच डॉक्टरला इचारून ठेवा. पाडव्याची वाट बघू नगा!"