वॉटसन रागावला होता का?

शेरलॉक होम्स जगाच्या लेखी तीन वर्षं मेलेला असतो आणि एका संध्याकाळी त्याच्या डॉक्टर मित्राच्या, वॉटसनच्या अभ्यासिकेत म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषात उभा राहतो. वॉटसनला भोवळ येते. शुद्धीवर आल्यावर तो होम्सचा दंड चाचपून बघतो, आनंदानं भरून येतो आणि त्याच रात्री खिशात पिस्तूल घालून त्याच्याबरोबर बाहेर पडतो. 1903 साली छापून आलेली ही आर्थर कॉनन डॉयलची 'द एम्प्टी हाउस'. जाब नाही, भांडण नाही. होम्सवर फॅनफिक, म्हणजे मूळ पात्रं घेऊन चाहत्यांच्या गोष्टी, लिहिणाऱ्या माणसाला ही जागा स्वस्थ बसू देत नाही. मलाही बसू दिलं नाही.

माझ्या गोष्टीत वॉटसन लंडनमधला, केन्सिंग्टनचा दवाखाना आवरतोय. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध चालू आहे ते नव्या डॉक्टरसाठी लिहून ठेवतोय. होम्स दारात येऊन विचारतो, मदत करू का? वॉटसन म्हणतो, नको. एवढंच. त्या 'नको'त मी राग ठेवला होता. आमच्या फॅनफिकच्या गटातल्या सगळ्यात धाकट्या मुलीनं तो बरोबर हेरला आणि सरळ विचारलं, "ताई, हा राग कॅननमध्ये, म्हणजे मूळ गोष्टींत, कुठाय? तुमचा राग तुम्ही वॉटसनच्या तोंडी घातलात."

तिचा मुद्दा कच्चा नाही. वॉटसन स्वतः लिहितो की त्याला अतिशय आनंद झाला. गाडीत होम्सच्या शेजारी बसल्यावर पूर्वीचे दिवस परत आल्यासारखं वाटलं, असंही लिहितो. होम्सनं माफीही मागितली आहे. तिचं म्हणणं असं, की ज्याच्यासाठी तीन वर्षं शोक केला तो जिवंत समोर आल्यावर राग सुचतच नाही. आणि सुचलाच पाहिजे ही अपेक्षा आपली, आजची.

पण मी जनरल प्रॅक्टिस करते, आणि मला या गोष्टींमधला डॉक्टर आधी दिसतो. 'द फायनल प्रॉब्लेम'मधलं स्वित्झर्लंडचं मायरिंगेन आठवा. 4 मे 1891. ज्यात पडून होम्स मेला असं सगळे धरून चालतात, त्या रायकेनबाखच्या धबधब्यापाशी एक पोरगा चिठ्ठी घेऊन येतो: हॉटेलात एक इंग्रज बाई क्षयानं शेवटच्या घटका मोजतेय, तिला इंग्रज डॉक्टर हवाय. वॉटसन मागे फिरतो. अशा चिठ्ठीला नाही म्हणता येत नाही, रात्री-अपरात्री दार वाजलेलं ज्यानं ऐकलंय त्याला हे सांगायला नको. बाई नसतेच. आणि सिगारेटच्या डबीखाली ठेवलेल्या पत्रात होम्स कबूल करतो, की ती चिठ्ठी खोटी आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं जाऊ दिलं. होम्सच्या शत्रूनं, मॉरिआर्टीनं, वॉटसनच्या डॉक्टरपणाचा सापळा केला आणि होम्सनं तो चालवून घेतला.

आता याला 'द डाइंग डिटेक्टिव्ह' जोडा. ती गोष्ट छापली गेली 1913 मध्ये, पण घडते रायकेनबाखच्या आधी. होम्स मरणासन्न असल्याचं सोंग करतो आणि वॉटसनला जवळ येऊ देत नाही. तू साधा जनरल प्रॅक्टिशनर, अनुभव तोकडा, पदव्या बेताच्या, असं तोंडावर सुनावतो. पुढे खुलासा करतो, की नाडी आणि ताप तपासला असतास तर सोंग लगेच उघडं पडलं असतं, म्हणून लांब ठेवलं. म्हणजे वॉटसनच्या वैद्यकीवर त्याचा पुरता विश्वास होता. मला तर हे अपमानापेक्षा जास्त लागतं. ज्याच्या हुशारीची खात्री आहे, त्यालाच त्या हुशारीवरून हिणवायचं!

आणि 'एम्प्टी हाउस'मध्ये होम्स काय सांगतो? कड्यावरच्या एका खाचेत पडून तो खाली आपल्या मृत्यूचा तपास करणारा वॉटसन बघत होता. तो तपास किती कळवळ्यानं चालला होता आणि किती निकामी होता, हेही वर ऐकवतो. होम्सच्या भावाला, मायक्रॉफ्टला, पहिल्यापासून सगळं माहीत. वॉटसनला कळवलं नाही, कारण त्याच्या प्रेमापोटी त्याच्या हातून काही निसटेल ही भीती. एवढं ऐकून घेतल्यावर वॉटसन आपली प्रतिक्रिया लिहीतच नाही. एरवी होम्सच्या चेहऱ्यावरची रेषा हलली तरी टिपणारा माणूस इथे गप्प आहे. माझी सगळी गोष्ट त्या गप्प बसण्यातून आली.

आमच्यातली तिसरी या वादात फारशी रमत नाही. तिचं उत्तर डॉयलिस्ट. (होम्सच्या वाचकांनी पाडलेली ही जोडी आता सगळ्या फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या गटांत, चालते: कथेच्या आत राहून कारण शोधलं तर वॉटसोनियन, लेखकाच्या टेबलावरून शोधलं तर डॉयलिस्ट.) ती म्हणते, डॉयल होम्सला कंटाळला होता, 1893 मध्ये त्यानं तो मारला, पुढे मासिकांनी भरघोस मानधन देऊ केलं तेव्हा परत आणला, आणि वाचकांना एक नवा खून हवा होता, दोन पानांची समजूत-काढणी नको होती. असेल. पण डॉयल का घाईत होता हे कळल्यानं वॉटसन का गप्प राहिला हे कळत नाही. मी वॉटसन वाचतेय.

मेरीचंही, म्हणजे वॉटसनच्या बायकोचंही, तसंच. त्याच गोष्टीत होम्सला वॉटसनच्या दुःखद वियोगाबद्दल समजलेलं असतं आणि त्याची सहानुभूती शब्दांपेक्षा वागण्यातून दिसते, एवढंच येतं. बायकोचं नावसुद्धा नाही. काही वाचक तर म्हणतात की तो उल्लेख मेरीचा नसेलच. होम्सचा सल्ला काय, तर दुःखावर काम हा उत्तम उतारा. धाकटी म्हणते, हे त्याचं सांत्वन, त्याला याहून वेगळं करता येतच नाही. तिची ही ओळ मला पटते. पण मेरी गेली तेव्हा होम्स नव्हता, आणि कुठे आहे ते त्यानं कळवलंही नव्हतं. कामाचा उतारा मागून आला.

खरा वाद पेटला तो व्हर्नरवरून. 'द नॉरवुड बिल्डर'मध्ये वॉटसन सांगतो, की व्हर्नर नावाच्या तरुण डॉक्टरनं त्याचा दवाखाना घेतला आणि सांगितलेली चढी किंमत फारशी घासाघीस न करता दिली. काही वर्षांनी कळलं की तो होम्सचा दूरचा नातलग, आणि पैसे मुळात होम्सचे. धाकटीच्या मते होम्सला जमेल अशी ही माफी: तोंडानं नाही, गुपचूप पैसे मोजून. माझ्या मते त्यानं पुन्हा तेच केलं. वॉटसनचं आयुष्य त्याला न विचारता परस्पर हलवलं, आणि या वेळीही हलवला तो त्याचा दवाखाना.

ती आता व्हर्नरच्या बाजूनं गोष्ट लिहितेय. होम्स त्याच्या हातात पैसे ठेवतो आणि वॉटसनला यातलं काही कळू देऊ नकोस म्हणून बजावतो, तो प्रसंग. बीटा, म्हणजे खर्डा वाचून सूचना देण्याचं काम, मीच करणार आहे. पहिला खर्डा आलाय. व्हर्नर विचारतो, "त्यांना कधीच सांगायचं नाही?" आणि होम्स म्हणतो, "ते नाही म्हणतील." मी समासात लिहिलंय: म्हणजे त्याला माहीत होतं. तिचं उत्तर आलंय: ताई, माहीत होतं म्हणूनच तर लपवलं ना.